विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ : गुण नेमके कशाला द्यायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांना दृक्‌श्राव्य निर्मिती हा विषय शिकवते. सत्र संपत आले की आमच्याकडे म्युझिक व्हिडिओच्या प्रकल्पांची धांदल सुरू होते. चार-पाच जणांचा गट, साडेतीन-चार मिनिटांचे गाणे, त्याचा व्हिडिओ, प्रसिद्धीसाठी पोस्टर, अर्ध्या मिनिटाचा टीझर आणि यूट्यूबचे थंबनेल, आणि सगळ्यात शेवटी जर्नलला जोडलेला दोन पानांचा स्वमूल्यमापन अहवाल. हे पत्र त्या शेवटच्या दोन पानांसाठी आहे, कारण वर्षभरात मूल काय शिकले ते जिथे दिसायला हवे, तिथेच ते हमखास दडवलेले असते.

यंदाच्या दोन गटांचे उदाहरण देते. एका गटाने दोन दिवसांसाठी ड्रोन आणि गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण) भाड्याने आणले आणि संकलन लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओतून करून घेतले. दुसऱ्या गटाकडे एक मोबाइल आणि मित्राकडून आणलेला ट्रायपॉड होता. रात्रीची शेवटची एसटी चुकलेल्या मुलीचे त्यांचे गाणे गटातल्याच मुलाने लिहिले होते आणि चालही त्यानेच लावली होती. पहिले चित्रीकरण संगणकावर घेतले तेव्हा मुखड्याला ओठ आणि शब्द जुळत होते, पण कट न घेता केलेला तो लांब शॉट पुढे सरकत गेला तसे ओठ मागे पडत गेले. त्या मुलीचे काम करणाऱ्या विद्यार्थिनीला गाणे नीट पाठ नव्हते, असा दोष आधी तिच्यावर आला. दोन दिवसांनी तिनेच कारण शोधून काढले. स्टँडवरचा उजेड कमी-जास्त होईल तसा मोबाइल फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रे, टिपण्याचा वेग आपोआप बदलत होता, संकलनाची टाइमलाइन मात्र एकाच ठरावीक वेगाने चालत होती. मग त्यांनी ॲपमध्ये वेग पक्का करून घेतला, अंतरे वेगवेगळ्या शॉटमध्ये विभागले आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून पुन्हा चित्रीकरण केले. टाळीचा आवाज आणि हात मिटल्याची फ्रेम एकावर एक ठेवली की ध्वनी आणि चित्र जुळवता येते, ही जुनी युक्ती मी वर्गात दोनदा सांगितली होती; ती त्यांना खरी समजली ती त्या रात्री.

आता या साऱ्याबद्दल त्यांच्या अहवालात काय होते? ‘चित्रीकरणादरम्यान काही तांत्रिक अडचणी आल्या, परंतु सर्वांच्या सहकार्याने आम्ही त्यावर मात केली.’ एवढे एकच वाक्य. मी विचारले तेव्हा ती मुले म्हणाली, ‘मॅडम, चूक लिहिली तर मार्क जातील ना!’ त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. तोंडी परीक्षेत त्यांच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे आली, अहवाल कोणी उघडला नाही आणि ड्रोनच्या गटाला त्यांच्यापेक्षा बरेच जास्त गुण मिळाले. ड्रोनवाल्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, परंतु भाड्याने आणलेल्या यंत्राचे आणि दुसऱ्याने केलेल्या संकलनाचे गुण विद्यार्थ्याच्या नावावर पडत असतील, तर आपण त्याच्या पालकांची ऐपत मोजतो आहोत.

प्रसिद्धी साहित्याकडे तर आपण आणखी दुर्लक्ष करतो. एसटीच्या गाण्यात स्टँडवरचा पिवळा दिवा जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहे. पोस्टरवर मात्र इंटरनेटवरून घेतलेला समुद्रकाठचा सूर्यास्त होता, कारण काय, तर पोस्टर उठून दिसायला हवे. त्यातही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू न केल्यामुळे शीर्षकातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडली होती. गटातल्या पाचही जणांना शीर्षक तोंडपाठ असल्याने ती चूक कोणालाच दिसली नाही. मी ते पोस्टर प्रथम वर्षाच्या काही मुलांना दाखवले आणि गाणे कशाबद्दल असेल, असे विचारले. सगळ्यांचे उत्तर एकच: प्रेमगीत. व्हिडिओ पाहिल्यावर त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘ही गोष्ट पोस्टरवर का नाही?’ मित्रांनी पाठवलेल्या ‘भारी झालंय’च्या पन्नास संदेशांपेक्षा हा एक प्रश्न मोलाचा आहे. अनोळखी प्रेक्षकाला आधी पोस्टर, मग टीझर, मग व्हिडिओ दाखवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला काय वाटले ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्यायचे, याला पैसे लागत नाहीत. व्ह्यूजचा आकडा मात्र यातले काहीच सांगत नाही, म्हणून तो गुणपत्रिकेपासून लांबच ठेवावा.

इंग्लंडमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या ए लेव्हल मीडिया स्टडीजमध्ये, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाच्या मुलांसाठी, २०१७ च्या फेरबदलापूर्वी नेमका असाच प्रकल्प होता. एकूण १०० गुणांपैकी संशोधन आणि नियोजनाला २०, मुख्य व्हिडिओला ४०, अल्बमचे वेष्टन किंवा मासिकातली जाहिरात अशा दोन जोडकामांना प्रत्येकी १० आणि मूल्यमापनाला २० गुण असत. मूल्यमापनासाठी चार प्रश्न ठरलेले होते: या प्रकारच्या कलाकृतींचे प्रचलित संकेत तुम्ही कसे पाळले किंवा मोडले, मुख्य काम आणि जोडकामे एकत्रितपणे किती परिणाम साधतात, प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात, आणि तंत्रज्ञान कोणत्या टप्प्यावर कसे वापरले. ती पद्धत निर्दोष होती असे मी म्हणत नाही, ठरीव प्रश्नांना ठरीव उत्तरेही येतात. पण पूर्ण झालेल्या व्हिडिओपलीकडच्या विचाराला तिथे आकड्यांत किंमत होती आणि पोस्टर व्हिडिओशी बोलते की नाही, हा प्रश्न निदान विचारला तरी जात होता.

अशा अहवालात प्रताधिकाराचाही (कॉपीराइटचाही) हिशेब यावा. आमची मुले निर्धास्तपणे म्हणतात की संतांचे अभंग सर्वांचेच आहेत. तुकोबांचे शब्द खरोखरच मुक्त आहेत. परंतु आपल्या कायद्याप्रमाणे संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे अभंग घ्या, चाल स्वतः लावा. गाणे कोणाचे, परवानगी कोणाची, श्रेयनामावलीत कोणाचे नाव, हे लिहिताना मुलांना पहिल्यांदाच आपण दुसऱ्याच्या श्रमावर उभे आहोत याची जाणीव होते.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की निर्मितीच्या प्रकल्पात किमान एक पंचमांश गुण स्वमूल्यमापनासाठी राखावेत आणि ते गटाला सरसकट न देता प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या अहवालावर द्यावेत. टाकून दिलेले शॉट आणि पोस्टरचे आधीचे खर्डे परीक्षकांसमोर ठेवणे बंधनकारक असावे, आणि नेमके कारण शोधून मांडलेल्या चुकीसाठी गुण कापले जाणार नाहीत, हे गुणदानाच्या सूचनांमध्ये स्पष्ट शब्दांत लिहावे. बाह्य परीक्षकांना एका गटासाठी पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटे मिळतील, असे वेळापत्रक महाविद्यालयांनी आखावे. माझ्या वर्गापुरते मी त्या गटाला अहवाल पुन्हा लिहायला सांगितले. त्यांच्या गुणांत आता काहीच फरक पडणार नव्हता, तरी तिसऱ्या दिवशी नऊ पाने आली आणि पहिल्या पानावर, लाल शाईने गोल केलेल्या वेलांटीसह, जुने पोस्टर चिकटवलेले होते.

आपली,
एक माध्यमशिक्षिका, कोल्हापूर