मंत्रिमहोदय, माझ्या सोलारचा रकाना कुठंय?

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार. मी परंडा तालुक्यातला (जि. धाराशिव) सीना नदीकाठचा सव्वा हेक्टरवाला शेतकरी. सप्टेंबर 2025 च्या पुरात माझा सौरपंप पॅनेलसकट आडवा झाला. परवा कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, पंचनामा आणा, मग क्लेम बघू. तलाठी म्हणतो, पंचनामा पिकाचा आन् जमिनीचा. सोलारचा रकानाच नाही. कृषी सहायक म्हणतात, वीजवाल्यांकडे जा. वीजवाले म्हणतात, कंपनीकडे जा. पाच वर्षांची हमी विम्यासकट आहे, असं योजनेच्या कागदावर छापलंय. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय, पुरात वाचला तेवढा तोच.

साहेब, मी सोलार मागितलंच नव्हतं. खांबावरची जोडणी मागितली होती, जोडणीचे पैसे (डिमांड) भरून बसलो होतो. मग कळलं, आता जोडणी नाही, सोलारच घ्या, पृथ्वी वाचवायचीय. दहा टक्के हिस्सा भरला, त्यासाठी बायकोची बोरमाळ सोनाराकडे गेली. पॅनेल बसायला अकरा महिने लागले. बसलं तर पावसाळा, आभाळ भरलेलं. पंप थुंकल्यासारखं पाणी टाकायचा. पुढं पाणीच पाणी झालं. सोयाबीन कापणीला आलेलं होतं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. बांधाकडची अर्धा एकर माती गेली, खाली पांढरा मुरूम उघडा पडलाय. सरकारचं पूरग्रस्तांसाठीचं पॅकेज 31,628 कोटींचं, खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000, असं टीव्हीवर ऐकलं. माझ्या खात्यात साडेआठ हजार आले.

हे सगळं हवामान बदलामुळं झालं, असं तुमचे अधिकारी शिवारात येऊन सांगून गेले. असेलही. पाऊस बिघडलाय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण मग 1972 चा दुष्काळ कोणत्या कार्बननं पाडला? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही वरचं आभाळच दोषी. ऊस किती लावला, कारखाने कुणाचे, ते विचारायचं नाही. सगळं हवामानावर ढकललं की तलाठी सुटला, इंजिनिअर सुटला, तुम्हीही सुटलात. 2020 ला पर्यावरण खात्याच्या नावाला ‘वातावरणीय बदल’ जोडलं. पाटी रंगवायचा खर्च कुणाचा, आमचाच ना?

आणि बिल बघा. 2010 ला कोळशावर टनामागं 50 रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. 2016 पर्यंत तो 400 झाला. विजेत तो आम्हीच भरला. 2017 ला तोच पैसा जीएसटीची नुकसानभरपाई म्हणून राज्यांकडं वळवला. ऊर्जा कुठं गेली ती गेली. सीनेला पूर आला त्याच आठवड्यात तो उपकर रद्द झाला म्हणे, आणि कोळशावरचा जीएसटी 5 चा 18 टक्के झाला! 2022 ला कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे धूर कमी केल्याच्या पावत्या विकायच्या, बाजाराचा कायदा झाला. आमच्या गावात तेवढ्यात एक टायवाला येऊन गेला, बांबू लावा, क्रेडिट मिळेल म्हणाला. क्रेडिट म्हणजे उधारी एवढं आम्हाला ठाऊक आहे, त्यात आम्ही मुरलेलो आहोत. ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये देशानं शब्द दिला, 2070 पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणू. त्या शब्दाला 2070 पर्यंत सवड आहे, सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याला मार्चपर्यंतच.

तुम्हा लोकांना परदेशात कायदे दाखवायचे असतात. दाखवा. पण त्या कायद्याची पहिली शिक्षा सीनाकाठच्या सव्वा हेक्टरवाल्याला का? मुंबईत कुणाच्या एसीची जोडणी तोडून ‘सोलार लाव’ असं म्हणालात का कधी?

मागणं एवढंच : एक तर पंचनाम्याच्या फॉर्मात सोलारचा रकाना टाका, नाहीतर माझी खांबावरची जोडणी द्या. रात्री दोनला लाइट आली तरी चालेल, मी उठतो.

तोवर पॅनेलं शेळ्यांच्या गोठ्यावर टाकलीत. दोन फुटलीत, बाकीच्यांखाली पाऊस लागत नाही. सबसिडीचा माल विकता येत नाही, म्हणून विकलं नाही.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी