सत्तावीस होमरन आणि एक कुंपण

महोदय,

अमेरिकेतील काही कुटुंबे आपल्या आजोबा-पणजोबांच्या व्यावसायिक बेसबॉल कारकिर्दीचा शोध कसा घेतात, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण १८८०च्या दशकातले आकडे आजच्या आकड्यांशेजारी सरळ मांडले आहेत, ते खटकले. तेव्हा नियम जवळपास दर हंगामात बदलत.

शिकागोचा फलंदाज नेड विल्यमसन याचेच घ्या. १८८३ मध्ये त्याचे होमरन (एकाच फटक्यावर चारही बेस, म्हणजे धावेचे टप्पे, पार करून काढलेली धाव) २, १८८४ मध्ये २७ आणि १८८५ मध्ये पुन्हा ३! शिकागोच्या लेकफ्रंट पार्कचे उजवीकडचे कुंपण होमप्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) दोनशे फुटांच्याही आत होते. १८८३ मध्ये त्यावरून गेलेल्या चेंडूला दोनच बेस मिळत, म्हणून त्या वर्षी त्याच्या नावावर ४९ डबल (दोन बेसचे फटके) दिसतात. पुढच्या वर्षी त्याच फटक्याला होमरन धरू लागले. २७ पैकी २५ घरच्या मैदानावरचे. १८८५ मध्ये संघाने मैदान बदलले आणि गंमत संपली. एका हंगामातल्या होमरनचा हा विक्रम मात्र १९१९ मध्ये बेब रूथने २९ होमरन मारेपर्यंत टिकला.

पिचरचेही (चेंडू टाकणाऱ्याचेही) तसेच. प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबर्नने १८८४च्या एका हंगामात ६७८ इनिंग (सामन्यातले डाव) टाकल्या. आज दोनशे म्हणजे खूप झाल्या. पण तेव्हा पिचरच्या चौकटीची पुढची रेषा होमप्लेटपासून ५० फुटांवर होती. ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ पासूनचे. नॅशनल लीग या व्यावसायिक स्पर्धेने खांद्यावरून चेंडू टाकायची मुभाही १८८४ मध्येच दिली. क्रिकेटने ती वीस वर्षे आधी दिली होती. शिवाय संघाचा दुसरा पिचर जुलैत निघून गेल्याने जवळजवळ सगळा भार रॅडबर्नवर पडला. त्याचे विजय ५९ की ६०, हा वाद अजून मिटलेला नाही.

सर्वांत फसवे वर्ष १८८७. त्या एका हंगामात ‘वॉक’ला (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसला) हिट, म्हणजे यशस्वी फटका, धरले आणि बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजले जाणारे चेंडू) लागत. सेंट लुइसच्या टिप ओनीलची तेव्हा छापलेली फलंदाजीची सरासरी (संधींमागे हिटचे प्रमाण) .४९२, वॉक वगळले की .४३५.

क्षेत्ररक्षणातल्या चुकांवरून कोणाला नावे ठेवू नयेत. १८७०च्या दशकात बहुतेक खेळाडू उघड्या हातांनी झेल घेत. आणि आपल्या गल्लीतली ‘एक टप्पी आउट’ तिथेही होती: नॅशनल लीगमध्ये टप्पा पडून पकडलेल्या फाउलवर (हद्दरेषेबाहेर गेलेल्या फटक्यावर) फलंदाज बाद होणे १८८३ मध्ये कायमचे थांबले.

शोध घेणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच. जुन्या वृत्तपत्रांतील बॉक्सस्कोअरमध्ये (सामन्याच्या छापील धावफलकात) बहुधा फक्त आडनाव असते, आणि स्मिथ किंवा जोन्स एकाच हंगामात अनेक निघतात. त्यामुळे आधी संघ, गाव आणि मैदानावर तो कोणत्या जागी खेळे ते जुळवावे, सरासरी नंतर पाहावी.

– एक वाचक, पुणे