बाबा, नळी मोकळी झाली, पिशवी अजून आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

"कावीळ उतरली, पिशवीच्या ऑपरेशनचं आता द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी उरकली की बघू," असं बाबा म्हणाले. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

मिरजेत तोंडावाटे दुर्बीण घालून काढला तो पित्तनलिकेत अडकलेला खडा. ही नळी जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद. खडे तयार होतात पित्ताच्या पिशवीत, आणि ती खड्यांसकट जागेवरच आहे. २००२ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नळी साफ करून पिशवी तशीच ठेवलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना दोन वर्षांत पुन्हा त्रास झाला. पिशवी काढलेल्यांत फक्त २ टक्के.

खडा काढताना बाबांच्या पित्तनलिकेत बसवलेला स्टेंट म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची प्लास्टिकची नळी. ठिबकच्या नळीत क्षार धरतात तसा तिच्यात जंतूंचा आणि पित्ताचा गाळ धरतो. ठिबकला आम्ल सोडून मोकळं करता येतं, स्टेंटला नाही. तीनेक महिन्यांत तो काढावा किंवा बदलावाच लागतो. राहून गेला तर तुंबतो आणि मागचं पित्त सडतं.

तसं झालंच तर ओळखायचं कसं? उजव्या बरगडीखाली दुखणं, हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे. ही तीन लक्षणं शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८७७ मध्येच लिहून ठेवली. उतारवयात तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. त्यात माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा बीपी उतरलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी "पित्त झालंय" आणि हे झालं तरी "पित्त झालंय". आई, या दुखण्यावर सोडा नको. पानफुटी आणि कुळथाचं कढणही नको. लोक ते मुतखड्यावर घेतात, आणि या खड्याची वाटच वेगळी.

आता ऑपरेशन लांबल्यावर क्वचित होणाऱ्या गोष्टी. पिशवीच्या मानेत खडा रुतून बसला की तो शेजारच्या मुख्य नलिकेला बाहेरून दाबतो. नलिकेत खडा नसतानाही कावीळ होते. याला मिरिझी सिंड्रोम म्हणतात. अर्जेंटिनाच्या मिरिझींनी १९४८ साली त्याचं वर्णन केलं. दाब फार दिवस राहिला तर मधली भिंत झिजते आणि पिशवी व नलिका आरपार होतात. मग सर्जनला पिशवी कुठे संपते तेच कळत नाही. पिशवीची बारीक नळी समजून मुख्य नलिकेला क्लिप लागली किंवा ती कापली गेली, तर पुढे आतड्याचा तुकडा वर आणून जोडावा लागतो. म्हणून जाणता सर्जन अशा वेळी हट्ट करत नाही. पिशवी उघडून खडे काढतो आणि चिकटलेला भाग तसाच ठेवतो, किंवा सरळ पोट उघडतो. तेव्हा पोटाला छिद्रं पाडून दुर्बिणीने सुरू केलं आणि टाके मोठे आले, तर "केस बिघडवली" म्हणू नका.

दुसरी गोष्ट वयस्कर माणसांतलीच, त्यातही बायकांत जास्त. अडीच सेंटिमीटरहून मोठा खडा पिशवी कुरतडून आतड्यात उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद टोकाशी बूच बसतं. पोट फुगतं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही. एक्सरेत पित्तनलिकेत हवा दिसली की डॉक्टरांना याचा संशय येतो. पण बाबांच्या नळीचं तोंड दुर्बिणीतून कापून रुंद केलंय, त्यात स्टेंटही आहे. त्यांच्यात हवा एरवीही दिसू शकते. नवीन डॉक्टरांना ते सांगायला हवं. तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफी कपाटात नको, दाराजवळच्या पिशवीत ठेव.

रक्त पातळ करायची गोळी बाबांनी आपल्या मनाने बंद करायची नाही. किती दिवस आधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे हृदयाचे डॉक्टर सांगतील.

बाबा, स्टेंट जुलैच्या मध्यात बसला, म्हणजे तीन महिने नेमके छाटणीत संपतात. पिशवीचं ऑपरेशन त्याआधी, याच महिन्यात उरकून घ्या. छाटणी गडी करतील, छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला मी येते. आई, स्टेंट काढायची तारीख कार्डावर खाली लिहिली आहे, ती कॅलेंडरवर लाल पेनाने मांड आणि मला फोटो पाठव.

तुमची,
ताई