रसायनशास्त्राचे पाहुणे सभागृहात नकोत, वर्गात हवेत

माननीय संपादक,
स. न.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त 28 फेब्रुवारीच्या आसपास नवी मुंबईतील अनेक शाळांत पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने होतात. हेतू चांगला असला, तरी वेळ आणि पद्धत दोन्ही बदलायला हवीत. त्या सुमारास दहावीचे विद्यार्थी बोर्डाच्या परीक्षेत गुंतलेले असतात, त्यामुळे ज्यांच्या पाठ्यपुस्तकात रासायनिक अभिक्रिया आणि धातुविज्ञान आहे, नेमके तेच गैरहजर राहतात. माझ्या मुलीच्या शाळेत दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार आटोपेपर्यंत निम्मा वेळ गेला आणि टाळ्या मिळाल्या त्या अमोनियम डायक्रोमेटच्या ‘ज्वालामुखी’ला, म्हणजे नारिंगी पूड पेटवून ठिणग्या आणि हिरवी राख उडवण्याच्या प्रयोगाला. त्या पुडीत असलेले सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे एक विषारी रूप) कर्करोगकारक आहे. बंद सभागृहात, पुढच्या रांगेत पाचवीची मुले बसलेली असताना, हा प्रयोग करणे मला गैर वाटते.

वास्तविक रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातील कारखान्यांत रोज अनुमापन करणारे (म्हणजे द्रावणात एखादा पदार्थ किती आहे हे मोजणारे), नमुने तपासणारे केमिस्ट आपल्या शेजारीपाजारी राहतात. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय आम्लाच्या बाटलीला हात न लावण्याची त्यांची सवय मुलांनी नुसती पाहिली, तरी सुरक्षिततेचा अर्धा धडा होईल. परंतु प्रमुख पाहुणा म्हटले की आपल्याला पदव्यांची माळ लागते.

विषयही दूर शोधायला नको. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन आपल्या नळांना येते. जलशुद्धीकरणात तुरटीची मात्रा ठरवण्यासाठी जी जार चाचणी करतात, ती वर्गातील टेबलावर सहज होते. सहा चंचुपात्रांत सारखेच गढूळ पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीचे द्रावण चढत्या प्रमाणात घालायचे, आधी जोरात आणि मग सावकाश ढवळायचे, आणि पात्रे तशीच ठेवून द्यायची. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील अॅल्युमिनियममुळे तो प्रभार नाहीसा झाला की कण एकत्र येतात, पाण्यात पुंजके तरंगताना दिसू लागतात आणि हळूहळू तळाशी बसतात. एका पात्रातले पाणी नितळ होते, तुरटी कमी पडलेले गढूळच राहते, आणि मात्रा फारच वाढवली तर कणांवर उलट प्रभार चढून पाणी पुन्हा गढूळ राहू शकते. हे का घडले, असे मुले आपणहून विचारतील, आणि त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला रोज हेच काम करणारा माणूस समोर असेल.

इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली ती एका साध्या मेणबत्तीवर. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या वाफेला ज्योत दाखवताच वात पुन्हा पेटते, एवढ्यावरून मेण वायुरूपात जळते हे त्यांनी पटवून दिले. त्यासाठी धूर आणि स्फोट लागला नाही.

तेव्हा महापालिकेच्या शिक्षण विभागाने आणि खासगी शाळांनी कारखान्यांशी व पाणीपुरवठा विभागाशी बोलून जूनमध्येच अशा तज्ज्ञांची यादी करावी, एका वेळी एकाच तुकडीत त्यांना बोलवावे आणि कोणता पाठ सुरू आहे हे विज्ञानशिक्षकांनी त्यांना आधी कळवावे. जार चाचणीसाठी जुलै उत्तम, कारण तेव्हा गढूळ पाणी शाळेच्या फाटकाबाहेरच मिळते.

– एक पालक, ऐरोली, नवी मुंबई