यंदा जाखडी नाचात एचआयव्हीचा सवाल घालायचाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी, गाववाल्यांना आणि चाकरमान्यांना दोघांनापण.

गेल्या गणपतीत मंडळाच्या भजनाला चहा आला, सगळ्यांना स्टीलचे पेले आणि एकाला कागदी कप. त्याला म्हणे कोणीतरी एआरटी सेंटरबाहेर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, बघितलं होतं, दोन दिवसांत वाडीभर झालं. त्याने चहा प्यायला, कप चुरगाळून खिशात घातला आणि आरतीला न थांबता गेला. परत आलाच नाही. चहा वाटणारा मीच होतो. त्याला विचारूनच लिहितोय, नाव नको म्हणाला, तेव्हा तुम्हीपण चौकशा करू नका, कोणाचं एचआयव्ही स्टेटस त्याच्या परवानगीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

पेल्यातून, एका ताटात जेवून, डास चावून एचआयव्ही होत नाही. असुरक्षित संबंध, बाधित रक्त, एकमेकांची सुई आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला, एवढेच रस्ते. सरकारी एआरटी २००४ पासून फुकट मिळते, गोळ्या रोज नीट घेतल्या आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला तर संबंधातूनपण दुसऱ्याला जात नाही. हे मला पन्नाशीत कळलं, लाज वाटली.

भाषण ठेवलं तर कोण येतंय? म्हणून यंदा गणपतीत जाखडीच्या सवाल-जबाबात हे घालायचं ठरलंय, एका बाजूच्या शक्तीवाल्यांनी विचारायचं नि समोरच्या तुरेवाल्यांनी फोडायचं. पदं बांधणारा शाहीर पाहिजे, फुकट राबवणार नाही, मानधन देऊ. माईक, टेम्पो, पत्रकं धरून १८ हजाराच्या आसपास जातील, जमेल तेवढे खजिनदारांकडे द्या आणि पावती घ्याच. बोटमालकांना विनंती, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत खलाशी जाळी शिवायला बसतात तेव्हा अर्धा तास द्या, समुपदेशक जेटीवर आणायची जबाबदारी आमची. बायकांशी बोलायला बायकाच हव्यात, आशाताई तयार आहेत, सोबत अजून दोघी-तिघी आल्या तर बरं होईल.

कोणाला स्वतःसाठी विचारायचं असेल तर मंडळाकडे येऊ नका, सरळ १०९७ ला फोन लावा, फुकट आहे, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, टेस्टपण फुकट होते आणि गुप्त राहते.

आणि हो, यंदा कागदी कप बंद. स्टीलचे पेले दोन डझन कमी पडतायत, कोणाच्या माळ्यावर असतील तर पाठवा.