कोरा रकाना

रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू म्हणालास, "धाकट्याच्या अपंगत्वाचे छत्तीस टक्के आलेत रे. चाळीस लागतात. शिक्का बसला, आता काय करणार?" मला पटकन बोलताच आलं नाही. तू फोन ठेवलास आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, कारण हेच वाक्य २०२३ मध्ये तहसीलमधून घरी येऊन मी हिला सांगितलं होतं. माझ्या कागदावर तर तीसच होते. म्हणून आज लिहायला बसलोय, फोनवर अर्धं राहून जातं. डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नाही, तेव्हा वर आईचा अडकित्ता ठेवलाय. अक्षर तिरकं गेलं तर समजून घे.

मी शिडीवरून पडलो एवढंच तुला ठाऊक आहे. २०२२ च्या पावसाळ्यात नाशकात एका बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर ग्रिल बसवत होतो. ओल्या फरशीवर शिडी सरकली. डावा हात अंगाखाली आला आणि उजवा घोटा पार फिरला. हाताचं ऑपरेशन त्याच रात्री तिथल्याच एका खासगी दवाखान्यात झालं, आत पट्टी बसवली. पायाला नुसतं प्लास्टर घातलं. गावी आल्यावर घोटा वाकडा जुळलाय हे कळलं, मग इकडे दुसरं ऑपरेशन होऊन सांधा कायमचा जखडला. सगळी गोची इथेच झाली बघ. पायाची फाइल जाडजूड झाली आणि हाताशी राहिली. हाताचे कागद नाशकाच्या पिशवीत, पिशवी पेटीत, आणि पेटीवर गोधड्या.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरला, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख आली, तेव्हा मी फक्त पायाची फाइल बगलेत मारून गेलो. चालताना लोकांना पाय दिसतो, मलाही पायच दिसत होता. पहाटेपासून रांग होती. आत डॉक्टरांनी सांध्याचा कोन मोजायची पट्टी घोट्याला लावली, एक्स-रे उजेडात धरला, लिहून घेतलं. मग म्हणाले, "आणखी काही? हात वगैरे?" आणि मी म्हणालो, "बरं आहे."

बाळू, या दोन शब्दांचा मला अजून त्रास होतो. आपल्याकडे कुणी काही विचारलं की तोंडातून तेच येतं. बाप गेलेला असला तरी "बरं आहे," शेत जळून गेलं तरी "चाललंय." मागे पन्नास माणसं उभी, समोर डॉक्टर घाईत, त्यांच्यापुढे हाताचं रडगाणं काय गायचं, असं वाटलं मला. माझी दोन बोटं तळव्याला टेकत नाहीत, मुठीत जोर नाही, वेल्डिंग करताना डाव्या हाताने काम पकडता येत नाही म्हणून धंदाच बसला. आणि मी म्हणालो, बरं आहे.

तीस टक्के आले. ते घेऊन संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला दिला, तर काही दिवसांनी एका ओळीचं उत्तर मिळालं : अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी, सबब अर्ज नामंजूर. या चाळीसच्या रेषेवर किती अडकून बसलंय ते तेव्हा समजलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीतल्या ४ टक्के जागांसारख्या सवलतींसाठी हीच रेष धरलीय. निराधारचं अनुदान आणि एसटीची ७५ टक्के सवलत यांनाही चाळीसच लागतात. एकोणचाळीसवाला आणि निरोगी माणूस त्या खिडकीशी सारखेच.

मी तर प्रमाणपत्र घडी घालून देवघरात ठेवून दिलं होतं. आमच्या अंगणवाडीच्या बाई विधी सेवेचं स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्या हिला म्हणाल्या, "अपील केलं का? त्याच कायद्यात कलम ५९ आहे, टक्के पटले नाहीत तर अपील करता येतं. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे वकील फुकट देतात." मला खरं वाटेना. फुकटचा वकील म्हणजे मनाविरुद्ध काम करणारा, अशी माझी समजूत. शिवाय मनात शंका, ती मदत दिव्यांगांना देतात आणि माझे तर टक्केच कमी, मग मी त्यात बसतो का? तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं : दिव्यांग, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांचं आपल्या राज्यात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असलं तरी मिळतो. उत्पन्नाचा दाखला निराधारसाठी काढलेलाच होता, तोच जोडला. हा १९८७ चा कायदा आहे बाळू, आपण शाळेत होतो तेव्हापासूनचा. आणि मला तो इतक्या वर्षांनी एका अंगणवाडीच्या बाईंकडून कळला.

वकीलताई वयाने आपल्या पुतणीएवढ्या. पहिल्या दिवशी त्या दहा मिनिटं काही बोलल्याच नाहीत, कागद वाचत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही पेन देताना डावा हात खिशात का घातला?" मी गप्प झालो. हिने माझा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला.

आधी त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि माझ्या तपासणीचा पूर्ण तक्ता मागितला. प्रमाणपत्रावर शेवटचा आकडाच असतो, तो आला कसा हे तक्त्यात असतं. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, त्या मुदतीत झेरॉक्स आली. पायाचा रकाना बारीक अक्षरात भरलेला. हाताच्या रकान्यात काहीच नव्हतं. शून्यही नाही, कोरा. वकीलताईंनी त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाल्या, "आपलं अपील एवढंच आहे. बोर्ड चुकलं असं आपण म्हणत नाही. त्यांच्यापुढे अर्धाच माणूस आला होता, आता पूर्ण बघा, एवढंच मागायचं." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण भांडायला निघालेलो नाही.

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय जमत नाही, काय जमतं पण वेळ लागतो, कशाला दुसऱ्याचा हात लागतो, सगळं लिहा. वाढवून एक अक्षर नको आणि लाजून एक अक्षर गाळायचं नाही. मला पाच ओळी सुचल्या. उरलेलं हिने सांगितलं. पायजम्याची नाडी ती बांधते. भाकरी एका हाताने मोडतो, पण कोरड्यासाची वाटी धरता येत नाही, म्हणून ताटाखाली ओलं फडकं ठेवते, ताट सरकू नये म्हणून. नातवाला उचलून घेतलं नाही कधी, मांडीवर आणून देतात. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. दोन पानं भरली. बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

नाशकाच्या दवाखान्यातून डिस्चार्ज कार्डाची नक्कल मागवली, हाताचा नवा एक्स-रे काढला. वकीलताईंनी अपील दोन पानांत लिहिलं आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय मला खिडकीवरून हलू दिलं नाही. ही पोच तूही घे, तिच्याशिवाय पुढे कुणी ओळख देत नाही.

अपिलाच्या तपासणीला बोलावणं यायला बरेच महिने गेले. तिथल्या डॉक्टरांनी हात उशीवर ठेवायला लावला. किल्ली दिली, म्हणाले चिमटीत धरा. धरली, ओढली तर सुटली. मग जाड नळी, मग बारीक नळी. शेवटी पिशवी बोटांत अडकवून उचलायला सांगितली. पिशवी जमिनीपासून वीतभर वर गेली आणि घसरली. "दुखतं का?" असं विचारलं, तेव्हा "बरं आहे" अगदी ओठांवर आलं होतं. ही दाराशी उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "हो डॉक्टर, दुखतं. आणि काम होत नाही."

पायाचे ३० तसेच राहिले, हाताचे २० धरले. मला वाटलं पन्नास झाले, पण तशी बेरीज करत नाहीत. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरेल त्याने लहान आकड्याला गुणायचं, नव्वदने भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. नव्वदातून तीस गेले, साठ राहिले. साठ गुणिले वीस बाराशे, भागिले नव्वद म्हणजे तेरा आणि थोडं वर. एकूण त्रेचाळीस. हा हिशोब वकीलताईंनी त्यांच्या फायलीच्या पाठीवर करून दाखवला, तो मी वहीत उतरवून घेतलाय.

निराधारचा अर्ज नव्याने करावा लागला. समितीची बैठक, मंजुरी, बँकेचं आधार जोडणं, यात आणखी वेळ गेला आणि मधल्या काळाचं काही मिळालं नाही. आधी दीड हजार यायचे, आता दिव्यांगांचे अडीच हजार झालेत. त्यात घर चालत नाही हे तुला सांगायला नको. पण महिन्याची औषधं आता मुलाकडे मागावी लागत नाहीत. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, तिथेही यंदा अर्ज दिलाय.

मला एका गोष्टीचा मनापासून राग आहे. ज्या कागदावर तीस किंवा छत्तीस लिहितात, त्याच्याच खाली "हे मान्य नसेल तर अमुक ठिकाणी अपील करा" एवढी ओळ का छापत नाहीत? एका ओळीची शाई लागते. माझ्याबरोबर रांगेत होते त्यातले कितीतरी जण कागद देवघरात ठेवून बसले असतील.

आता धाकट्याबद्दल. मोटारसायकलच्या अपघातानंतर त्याची उजवी बाजू गेली, त्याचे छत्तीस झाले असणार. पण तू फोनवर बोलताना मागे त्याचा आवाज आला. तो पाणी मागत होता आणि वहिनींना ते दोनदा विचारावं लागलं. त्याचं बोलणं कुणी तपासलं का रे? कायद्यात एकवीस प्रकार आहेत, वाचेचं अपंगत्व हा त्यातला वेगळा प्रकार, आणि ते वेगळे डॉक्टर बघतात. वरचाच हिशोब लावून बघ : छत्तीसवर दुसरीकडचे सातच टक्के धरले तरी चाळीसच्या पुढे जातं. ते धरायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण निदान त्यांच्यापुढे ते येऊ तरी दे. तपासणीला वहिनींना आत ने. तो स्वतः बरं आहे म्हणेल, आपल्यातलाच आहे तो.

अपिलाला उशीर करू नकोस, मुदतीचं वकिलांना पहिल्याच दिवशी विचार. कोर्टाचं आवार लांब पडत असेल तर १५१०० ला फोन कर, विधी सेवेचा नंबर आहे. तक्त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी इकडूनच लिहून आणतो, तू नुसती धाकट्याची सही घे.

बुधवारी सकाळच्या एसटीने येतोय. ज्या दवाखान्यात त्याला पहिल्यांदा नेलं होतं, तिथले कागद शोधून ठेव. तुमच्याकडे असे कागद आईच्या पत्र्याच्या पेटीत असायचे, खालच्या कप्प्यात, लग्नपत्रिकांखाली. तिथे आधी बघ.

तुझा
राजू