टीव्ही द्या, पण त्याचे पार्टही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने शाळांना टीव्ही-संगणक दिल्याची आणि झाडं लावल्याची बातमी आपल्या अंकात फोटोसह वाचली. काम चांगलंच आहे. पण मी कराडात २९ वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्या टेबलावर जे रोज येतं ते त्या बातमीत नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी बोलावून घेतलं. ४ वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून शाळेला ४३ इंची टीव्ही दिला होता. आवाज येत होता, चित्र नव्हतं. मी खोली अंधारी करून पडद्यावर तिरकी बॅटरी मारली, तेव्हा आत दुसरीच्या कवितेच्या ओळी पुसट दिसल्या. म्हणजे पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, शाबूत होतं; त्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या तेवढ्या गेल्या होत्या. आमच्या धंद्यात हे रोजचं दुखणं, हजाराच्या आसपास भागतं. पण कंपनीच्या सेवा केंद्राने गुरुजींना सांगितलं होतं की पट्ट्या सुट्या येत नाहीत, अख्खं पॅनल बदला. पॅनलचा भाव जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. शाळेने एवढे पैसे आणायचे कुठून? ८ महिने तो टीव्ही वर्गाच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. टीव्ही सुरू होता तेव्हा पोरं शनिवारीसुद्धा शाळेत थांबायची, असं गुरुजी सांगत होते.

असा टीव्ही शेवटी जातो भंगारात. तिथे काय होतं तेही मी बघत आलोय. जुन्या डब्याच्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची मान फोडून तिच्याभोवतीच्या योक नावाच्या कॉइलवरची तांब्याची तार उतरवतात, आणि शिशाची ती जाड काच ओढ्याकाठी टाकून देतात. वायरी जाळून तांबं काढतात. जाळणाऱ्याच्या नाकावर फार तर एक रुमाल असतो. त्याला दोष कसा द्यायचा? पोटासाठी करतो तो. माल ज्याने बनवला तो मात्र तिथे कधीच दिसत नाही.

कायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, ज्या मालाचं सरासरी आयुष्य संपलं त्यातल्या ठरावीक हिश्शाचं रिसायकलिंग झाल्याची प्रमाणपत्रं उत्पादकाला नोंदणीकृत रिसायकलरकडून घ्यावी लागतात. २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी हा हिस्सा ७० टक्के आहे, २०२७-२८ पासून ८० टक्के. नीट काम करणारा रिसायकलर टिकावा म्हणून सरकारने २०२४ मध्ये घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्पादकाने त्याला द्यायचा दर किलोला किमान २२ रुपये ठरवला. त्याविरुद्ध काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कोर्टात जाणं हा त्यांचा हक्क आहे, पण मला याचं फार वाईट वाटलं. किलोमागे २२ रुपये जड होत असतील, तर वार्षिक अहवालातल्या पर्यावरणाच्या हिरव्या पानांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?

सामाजिक दायित्व निधीचा हिशेबही वाचकांना माहीत असावा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम या कामांवर खर्च करावी लागते. धंद्याच्या नेहमीच्या कामाचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे आपल्या मालाचे पार्ट पुरवणं आणि मेलेला माल परत घेणं हे या २ टक्क्यांच्या बाहेरचं, कंपनीचं स्वतःचं काम आहे. शाळेला दिलेला टीव्ही त्या कामाच्या बदल्यात चालणार नाही.

युरोपात मार्च २०२१ पासून टीव्हीचे पॉवर सप्लाय, कपॅसिटर असे काही पार्ट, ते मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान ७ वर्षं ठेवावे लागतात, आणि कंपनीबाहेरच्या कारागिरालाही द्यावे लागतात. वॉशिंग मशीनसाठी १० वर्षं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण कुठला पार्ट किती वर्षं मिळेल हे खोक्यावर छापण्याची सक्ती अजून नाही. ती व्हावी. पार्ट कधीपर्यंत मिळेल ते वर्ष एमआरपीच्या शेजारी मोठ्या अक्षरात छापा, आणि सर्किटचा नकाशा आम्हा कारागिरांनाही द्या. पार्ट फुकट नकोत, पैसे देऊनच घेऊ. आणि आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना कंपनीला एवढं जरूर विचारावं, की ३ वर्षांपूर्वी दिलेल्या टीव्हींपैकी आज किती चालू आहेत?

शाळेचा टीव्ही सध्या माझ्या दुकानात आहे. त्या मापाच्या पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाल्या आहेत. गुरुवारी येतील, शनिवारच्या आत बसवून देतो असं गुरुजींना कळवलंय.

– एक टीव्ही दुरुस्ती कारागीर, कराड